शेरा

धुरपताबाई मारोती गुंडरे, राहणार बोरखेडी,
अर्ज करते की
पश्चिमेच्या बांधावरचं लिंब माझ्या दिरानं तोडलं.
लिंब त्याचं, कबूल.
पण दुपारी दोनपासून दिवस बुडेस्तोवर
त्याची सावली माझ्या रानात असायची.
जेठात सात हात, पौषात एकवीस. मोजलेली आहे.
तेहतीस वर्षं पडली म्हणजे माझीच झाली.
झाडाचं काही मागत नाही.
सावलीची भरपाई मिळावी.
खाली डाव्या अंगठ्याची निशाणी, जरा फिसकटलेली.

नायब साहेबांनी चष्मा काढला.
"सावली-बिवलीला कुठं हेड असतंय का?
शेरा मारा अन् फाईल बंद करा."

वसमतच्या तहसिलीत लाईट गेलेली.
मी पेनाचं टोपण दातात धरून बसलो.

असंबद्ध लिहावं?
पण झाड, सावली, बाई:
इतकं सलग तर आमच्या सातबाऱ्यावरही काही नसतं.

बिनबुडाचा. लिहिलं आणि खोडलं.
शेंडा गेला ट्रॅक्टरमध्ये सॉ मिलला,
बूडच तेवढं राहिलंय तिथं.

निराधार. याचा तर शिक्काच आहे तयार,
पण तो तिच्या पगाराच्या कार्डावर
आठ वर्षांपूर्वी मारलाय आम्हीच.
एका बाईला किती वेळा निराधार करायचं?

निरर्थक म्हणजे ज्यात अर्थ नाही ते.
ती तर अर्थच मागतेय, रुपयात.

पोकळ, फोल, वायफळ, बाष्कळ,
अद्वातद्वा, काहीच्या काही,
भाकड...
भाकडपाशी पेन थांबलं.
आमची तांबडी गाय भाकड झाल्यावरही
वडिलांनी तिला हळ्ळीचा बाजार दाखवला नाही.
चार वर्षं नुसती उभी असायची.
गेली, तेव्हा गोठ्यात आवाज घुमायला लागला.

अर्ज टाइप केला होता अजीमोद्दीनचाचांनी,
कोर्टाच्या भिंतीला पाठ लावून.
म्हणलं, चाचा, असलं कसं काय लिहून देता?
त्यांनी रिबन सरकवली.
"बाबू, इसको मोहमल बोलते."
मग माझ्यासाठी मराठीत आले:
चहा-बिहा, भाकरी-बिकरी.
चहाला अर्थ आहे, बिहाला नाही.
पण नुसतं 'चहा घ्या' म्हणलं की पाहुणा घड्याळ बघतो,
'चहाबिहा घ्या' म्हणलं की चपला काढतो.
आता तूच सांग,
चहा उचलून नेला
तर बिहानं कुठं बसायचं?

बुधवारी स्थळपाहणीला गेलो.
काळं रान, तुरीची खुटं,
बांधावर लिंबाचं ताट्याएवढं बूड,
त्याला भोवतीनं डिंक आलेला.
दोन पंच. त्यातला एक खुद्द दीरच,
डोक्यावर टॉवेल, तोंडात तंबाखू.
"येडी हाय सायेब ती. कामून आलात तुम्ही बी?"

बाईनं पायानं रेघ ओढली: इथपर्यंत, जेठात.
मग चालत गेली, बरीच चालत गेली:
अन् इथपर्यंत, पौषात.
मी टेप धरला. भरलं बरोबर
ते ज्या रेघेपासून मोजलं, ती धरली तर.

गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं:
मौक्यावर सावली आढळून आली नाही.
पंचांस मान्य.

"चहाबिहा घ्या," बाई म्हणाली.
काळाच होता, गूळ घातलेला.
ऊन पाठीत शिरत होतं, दोन वाजून गेले असतील.
दीर कप घेऊन उठला,
बोलता बोलता बांध उतरला,
बाईच्या रानात रेघेच्या अलीकडं येऊन
सवयीनं खाली बसला, टॉवेल काढला,

आणि वर बघितलं.

फाईल अजून माझ्याकडंच आहे.
साहेब विचारतात. शब्द बघतोय, म्हणतो.